डांगरवाडीवरचा गोरा पाव्हणा

ही गोष्ट मी दडवून ठेवली असं कुणी म्हणणार नाही, कारण तिचा अर्धा भाग मी जन्मभर सांगत आलो आहे. लग्नाच्या मांडवात सांगितला, पेन्शनरांच्या बाकावर सांगितला, नातवंडांना तर पाठ आहे. फिनलंडचा एक गोरा पाहुणा पोहण्याचा पोशाख घेऊन वर्धा नदीच्या रेतीत कसा येऊन उतरला आणि तिथं काय गंमत झाली, इथपर्यंत मी रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात, आणि नेमकं तेव्हाच मला कुठंतरी जायचं असतं. मागं एकदा धाकट्या नातीनं वाट अडवली. "पण आबा, मग तो गेला कसा?" मी म्हणालो, "आला तसाच गेला." ते खोटं होतं. आला तसा तो गेला नाही, आणि त्याला कारण मी होतो. एवढं एक वाक्य मी अख्खं आयुष्य टाळलं. आता सगळी गोष्ट लिहून टाकतो. हसण्याचा भाग मात्र गाळणार नाही. तोही खराच आहे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. आमचा जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता. मी मॅट्रिक होऊन वर्ध्याला एका संस्थेच्या अतिथीगृहात कामाला लागलो होतो. काम म्हणजे परदेशी पाहुण्यांच्या मागं-पुढं करणं. त्या काळी वर्ध्याला असे पाहुणे सारखे येत. कुणी सूत कातायला शिकायला येई, कुणी तेलघाणी बघायला, कुणी नुसतं साधं राहून बघायला. साधं राहण्याची हौस असलेल्या माणसाला गरम पाणी अगदी वेळेवर लागतं, हे मी तिथंच शिकलो.

हा पाहुणा तिशीच्या आसपासचा, उंच, हसरा, आणि उन्हानं नाकाची साल निघालेला. फिनलंड कुठं आहे हे मी नकाशात शोधलं. त्याला म्हणे वर्धा शोधायला जास्त वेळ लागला होता. त्याचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं. इंग्रजी कच्चं असलेला गोरा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो, त्यामुळे आमची चांगली गट्टी जमली. दोघंही बेधडक चुका करत असू.

होळी होऊन गेली होती. एका दुपारी तो डोक्यावर ओला टॉवेल घेऊन व्हरांड्यात बसला होता. त्याच्या देशात पाण्यात बेटंच बेटं आहेत, असं सांगत होता. उन्हाळा आला की लोक शहर सोडून बेटावर जातात, लाकडी झोपडीत राहतात, पोहतात, मासे धरतात. मग त्यानं सहज विचारलं, "तुम्ही लोक उन्हाळ्यात कुठं जाता?"

खरं उत्तर होतं, कुठंही नाही. सकाळी पुढच्या ओसरीवर, दुपारी मागच्या पडवीत. सावली जाईल तिकडं खाट ओढायची, एवढाच आमचा प्रवास. पण नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचा मॅट्रिक पास नागरिक असं कसं सांगेल?

"आम्हीसुद्धा बेटावरच जातो," मी म्हणालो.

"बेट? इथं?"

"मोठं बेट आहे. नदीत, माझ्या गावाजवळ. झोपड्या आहेत, नावा आहेत, रेती आहे. फळं तर विचारूच नका. पुष्कळ कुटुंबं उन्हाळाभर तिथंच राहतात."

"हॉटेल आहे?"

"हॉटेलची गरजच पडत नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता, हे माझं आजही म्हणणं आहे. आमच्या गावाशी नदी दोन धारांत फुटायची आणि मधे रेतीचं लांबरुंद बेट उघडं पडायचं. पाणी उतरलं की ढिवरांची, म्हणजे आमच्याकडच्या कोळ्यांची, कुटुंबं तिथं जाऊन डांगरवाडी करत. रेतीत खड्डे घेत, त्यात शेणखत भरत आणि टरबुजं, खरबुजं, काकड्यांचे वेल लावत. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत त्यांचं बिऱ्हाड बेटावरच. फक्त ते तिथं विश्रांतीला जात नसत, दिवसभर मडक्यांनी वेलांना पाणी घालायला जात, एवढी बारीकशी गोष्ट मी गाळली.

मला वाटलं, पाहुणा विसरून जाईल. पाहुणे विसरतात. हा दुसऱ्या दिवशी बाजारातून गवताची टोपी घेऊन आला आणि म्हणाला, "कधी निघायचं?"

पुलगावपर्यंत आम्ही रेल्वेनं गेलो, तिथून पुढं दमणीनं, म्हणजे हलक्या बैलगाडीनं. रस्ता म्हणजे नुसती चाकोरी. पाहुण्याचं डोकं घडीघडी दमणीच्या तट्ट्याला आपटे आणि तो दर वेळी हसून गाडीवानाला "थँक्यू" म्हणे.

"हा कायले थँक्यू म्हनते, भाऊ?" गाडीवानानं विचारलं.

"तुझी गाडी आवडली त्याला."

"मंग आनखी जोरानं हाकू का?"

वाटेत मी पाहुण्याला नव्या भारताबद्दल सांगत होतो. धरणं, कारखाने, विज्ञान. जुन्या खुळ्या समजुती आता आमच्याकडं उरल्या नाहीत, असंही मी सांगितलं. तो डोकं सांभाळत ऐकत होता.

नदीकाठी उतरलो. समोर पांढरी रेती, तिच्यावर हिरव्या वेलांच्या रांगा, पळसाच्या पानांनी शाकारलेल्या झोपड्या, काठाला लावलेले डोंगे, पाण्यात डुंबणारी उघडी पोरं. मी चोरून त्याच्या तोंडाकडं बघितलं. आता हा विचारणार, बाग कुठं आहे, जेवणाचा हॉल कुठं आहे. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "अगदी आमच्यासारखं आहे." मला हायसं वाटलं, आणि जरा रागही आला. एवढी थाप मारली, आणि ती खरीच निघाली होती.

बेटाची मालकीण म्हणावी अशी एक म्हातारी तिथं होती. नवरा मागंच गेलेला. तिचे दोन मुलगे, सुना, नातवंडंच काय, बेटावरची बाकीची कुटुंबंही तिच्या शब्दाबाहेर नसत. गाव तिला बुढी म्हणे. मी मावशी म्हणायचो, कारण लहानपणी तिच्या वाडीत टरबूज चोरताना सापडलो तेव्हा तिनं आधी माझा कान पिळला होता आणि मग भाकर वाढली होती. आमचा डोंगा रेतीला लागला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काऊन रे बाप्पा, हा कोन?"

"पाव्हणा आहे, मावशी. दोन-तीन दिवस राहील."

"इथं? त्याले घर नाई का?"

"आहे. लांब आहे."

"मंग तुह्या मायच्या घरी ठेव ना. खाट हाय, गादी हाय."

"त्याला रेतीतच झोपायचंय."

तिनं त्याला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "घरून भांडून आला का?"

बाई काय म्हणतात, असं पाहुण्यानं विचारलं. मी सांगितलं, "म्हणतात, हे आपलंच घर समजा."

"नाव कुठं नोंदवायचं?"

"त्या लक्षात ठेवतात."

"आणि खोली?"

"आवडेल ती."

त्यानं पाण्याजवळची एक रिकामी झोपडी पसंत केली. मग पोशाख बदलला, म्हणजे बराचसा काढला. निळा, तोकडा, अंगाला चिकटलेला पोहण्याचा पोशाख घालून तो बाहेर आला आणि भर उन्हात टॉवेल अंथरून उताणा पडला. सुनांनी पदर ओढून तोंडं फिरवली आणि पदराआडून नीट बघूनही घेतलं.

"माय वं! सोताले वाळू घातलं यानं," धाकटी सून म्हणाली.

"पापड होय का रे तो?" बुढी मला म्हणाली. "उठव त्याले. सावलीत बसव."

"त्यांच्याकडं हे औषध समजतात, मावशी."

"असं? मी त जलमभर हेच औषिद घेऊन राह्यली. मले काई गुन आला नाई."

संध्याकाळी तो उठला तेव्हा शेंदरासारखा लाल झाला होता. पोरं त्याच्या पोटाला बोट लावून बघत आणि पळत. वेलांना पाणी घालायचं चाललं होतं. ते बघून त्यानं न विचारता दोन मडकी उचलली. पहिल्या खेपेला निम्मं पाणी त्याच्याच पायांवर गेलं. पण माणूस चिवट. अंधार पडेस्तोवर तो थोरल्या मुलाच्या बरोबरीनं खेपा घालत होता आणि सुनांना पदर ओढायचं भानही राहिलं नव्हतं.

"कामाचा हाय," बुढी म्हणाली. "लगन झालं का त्याचं, विचार बरं."

बेटावर पाय ठेवणाऱ्याला मालकिणीनं आपल्या हातानं एक टरबूज कापून द्यायचं, अशी तिथली रीत होती. हंगाम नुकता लागला होता, पिकलेली फळं मोजकीच होती. तिनं टिचक्या मारून त्यातलं एक निवडलं आणि कापून मोठी फोड त्याच्या हातात दिली. त्यानं ती साल पांढरी पडेपर्यंत खाल्ली आणि बिया कुठं टाकायच्या म्हणून खिसा शोधू लागला. पोशाखाला खिसा नव्हता. बुढी इतकी हसली की तिला ठसका लागला. झोपताना तो मला म्हणाला, "मी पुष्कळ बेटांवर राहिलो. असं स्वागत कुठं झालं नाही."

हे वाक्य मी गोष्ट सांगताना कधीच सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुढी आपणहून त्याला वाडी दाखवायला निघाली. असा मान तिनं कुणाला दिल्याचं मी बघितलं नव्हतं. तलाठ्यालासुद्धा ती काठावरूनच फळ देऊन वाटेला लावी. वेलांपाशी पोचल्यावर ती थांबली आणि मला म्हणाली, "सांग त्याले. पाहाचं तितकं पाह्य म्हना, पन बोट नको दाखवू. कवळ्या फळाले बोट दाखवलं का सडते. दाखवाचंच असन त असं." तिनं बोट मुडपून, पेर पुढं करून दाखवलं. "चुकून दाखवलंच, त बोट दाताखाली धराचं. मंग काई होत नाई."

हे मला नवं नव्हतं. आमच्याकडं पोराला चालायच्या आधी हे कळतं. मी आजही भाजीवाल्यापुढं दोडक्याकडं मुडपलेलंच बोट करतो आणि मुलगा माझी चेष्टा करतो. पाहुण्याला सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि त्यानं ते आनंदानं पाळलं असतं. पण आदल्याच दिवशी मी दमणीत बसून खुळ्या समजुतींचं उच्चाटन करून आलो होतो. आता त्याच तोंडानं हे कसं सांगायचं? मी म्हणालो, "त्या म्हणतात, सगळं नीट बघा. आवडेल ते दाखवा."

त्यानं अगदी मनापासून ऐकलं. त्याचं बोट चांगलंच लांब होतं. ते सरळ ताणून तो वेलामागून वेल दाखवत निघाला. "ब्यूटिफुल!" हे टरबूज ब्यूटिफुल, ती काकडी ब्यूटिफुल, पानाआडचं लिंबाएवढं फळही त्यानं वाकून शोधलं आणि त्याच्यावर बोट रोखलं. मागून येणारी पोरं घाबरली आणि त्याच्या वतीनं स्वतःचीच बोटं चावू लागली. त्यानं विचारलं, "ही मुलं बोटं का चावतात?"

"भूक लागली असेल."

तो धावत झोपडीत गेला आणि बिस्किटांचा डबा घेऊन आला. एका हातात बिस्कीट आणि दुसऱ्या हाताचं बोट दातांत, अशी पोरांची रांग त्याच्यामागं चालू लागली. गोष्टीत सगळ्यात मोठा हशा इथं होतो. मी इथंच उठतो.

बुढी हसली नाही. तिनं मला बाजूला घेतलं.

"सांगतलं ना तू त्याले?"

"सांगितलं, मावशी."

"मंग काऊन करून राह्यला?"

"त्यांच्यात मानत नाहीत."

ती म्हणाली, "मानू नाई. कोन म्हनते मान? पन ज्याच्या घरी खाल्लं त्याचं एवढंसं आयकाले काय जाते रे?"

पाहुण्याला काही ठाऊकच नव्हतं. मी एका शब्दात त्याला जाणूनबुजून अपमान करणारा माणूस करून टाकलं.

दुपारनंतर आभाळ भरून आलं. दमट, गरम हवा सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकडच्या रांगांतली बरीच कोवळी फळं टोकाशी काळी पडली होती. थोरला मुलगा ती तोडून टोपलीत टाकत म्हणाला, "माय, आभाळ आलं का दरसाल होते."

"हाव. दरसाल होते," बुढी म्हणाली. "फळाचं मी काई म्हनतो का?"

तिनं पाहुण्याला जा म्हटलं नाही. दुपारी नेहमीप्रमाणं सगळे झोपडीच्या सावलीत बसले. तिनं टरबूज कापलं. मुलांना फोडी दिल्या, सुनांना दिल्या, पोरांना दिल्या, मला दिली. पाहुण्यानं हात पुढं केला होता. ती त्याच्यासमोरून पुढं गेली आणि उरलेली साल गाईसाठी बाजूला ठेवली. त्याचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं तो गुडघ्यावर ठेवला. मी माझी फोड खाल्ली. न खाण्याचं धैर्य नव्हतं, आणि आपल्यातली त्याला देण्याचं तर नव्हतंच.

नंतर तो मडकं उचलायला गेला, तेव्हा थोरल्या मुलानं ते हळूच त्याच्या हातून काढून घेतलं. "राहू द्या," म्हणाला. याचं भाषांतर त्यानं मला विचारलं नाही.

"मी काय केलं?" त्यानं मला नदीकडं नेऊन विचारलं.

"काही नाही. इथला हंगाम संपला."

त्यानं वळून वाडीकडं बघितलं. नजर पोचेल तिथवर वेलांवर कच्ची फळं होती. मग तो झोपडीत गेला, ओला पोशाख टॉवेलात गुंडाळला आणि बॅग भरली.

डोंग्यापाशी बॅग ठेवून तो परत फिरला. बुढी वेलाच्या बुडाशी माती ओढत बसली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला. टोपी काढली. ती उठली नाही, पण हात थांबला. मग तो तिच्याकडं बघून, एकेक शब्द शोधत, आपल्या मोडक्या इंग्रजीत बोलला. बोलून झाल्यावर मला म्हणाला, "प्रत्येक शब्द सांग."

"काय म्हनते?" बुढीनं विचारलं.

त्यातला एक शब्दही मी सांगितला असता, तर ती मला विचारणार होती, "मंग तू सांगतलं का नाई त्याले?" म्हणून मी म्हणालो, "त्याच्या गाडीची वेळ झाली, मावशी."

"हाव. जाय म्हना."

आमच्याकडं निघणाऱ्याला कुणी 'जाय' म्हणत नाही. नकोशा सोयऱ्यालाही 'येजो', म्हणजे पुन्हा ये, असंच म्हणतात. पाहुण्याला ते कळणं शक्य नव्हतं. तो तिच्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट बघत राहिला. ती पुन्हा माती ओढू लागली. शेवटी त्यानं टोपी घातली.

डोंगा मध्यावर आला तेव्हा त्यानं विचारलं, "तिनं माफ केलं?"

"हो. पुन्हा या म्हणाली."

पुढं काही दिवस तो वर्ध्यात होता. मी रोज त्याला गरम पाणी नेऊन देत होतो, आणि रोज उद्या सांगू म्हणत होतो. एक दिवस खोली रिकामी झाली. तो कुठं गेला, मी कुणाला विचारलं नाही.

बेटावर मात्र पुढच्या उन्हाळ्यापासून अनोळखी माणसाला कुणी डोंग्यात घेईना. बुढीची तशी ताकीद होती. बरीच वर्षं गेल्यावर पुलगावच्या बाजारात ती मला काकड्या विकताना दिसली. वाकली होती, पण आवाज तोच.

"काऊन रे, मास्तर होऊन बसला म्हनते तू. मावशीकडं याचंच सोडलं?"

"वेळ होत नाही, मावशी."

"तुह्या त्या गोऱ्याचं काय झालं रे?"

"गेला आपल्या देशात."

"मडकं चांगलं उचले बापा," ती म्हणाली. मग थोडं हसली. "पन आयके नाई कोनाचं. हट्टी होता."

तिच्या मनात राग उरला नव्हता. हट्टी, असं ती आपल्या मुलांनाही म्हणायची. तिनं निवडून दोन काकड्या माझ्या पिशवीत टाकल्या आणि माझ्याकडं बघत राहिली, जणू मी काही बोलणार आहे. मी म्हणालो, "हो, हट्टीच होता." आणि बस गाठायची आहे असं सांगून निघालो. त्यानंतर ती मला दिसली नाही. दोन वर्षांनी गावाहून कळलं, बुढी गेली.

नदीकाठी तो जे बोलला ते मला शब्दन् शब्द आठवतं. तिला कळेल अशा तिच्याच बोलीत ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. ते असं होतं:

"मावशी, माह्या हातून काई चुकलं. काय चुकलं ते मले ठाव नाई. मी आंधी तुमाले विचारून घ्याले पाह्यजे होतं. तुमी मले घरच्यावानी ठेवलं, आन मी तुमचं मन दुखवलं. मले माफी द्या."